करंगळीचं पेर

कार्तिकात लिऊ आणि झाओ आले
जिनिंगमध्ये नवे रेचे बसवायला,
तेव्हा मालकांनी शाळेत निरोप धाडला:
मॅडम, या दोघांना रोज तासभर इंग्रजी द्या.
मानधनाचं विचारलं तर म्हणाले,
ते किरकोळ हो, पाहू नंतर.

सरकीच्या ढिगाला टेकून आमचा वर्ग.
फळा नव्हता. गाठींवर नंबर मारायचा
एक गंजका पत्रा होता, त्यावर खडू धरायचा नाही,
म्हणून मी बहुतेक सगळं हातांनीच शिकवलं.

आठव्या दिवशी लिऊने यंत्राच्या पुस्तिकेत बोट ठेवलं:
ट्रिव्हियल.
मी पटकन म्हटलं, क्षुल्लक.
मग माझी मलाच लाज वाटली, त्याला मराठी कुठलं.
स्मॉल? झाओने विचारलं.
नाही रे. लहान तर मोहरीही असते,
तिच्यावाचून फोडणी देऊन बघ.
चीप?
तेही नाही. हिंगणघाटच्या बाजारातली चप्पल स्वस्त,
पण चैत्रात डांबरावर उभं राहिल्यावर
तिला कोण क्षुल्लक म्हणेल?
शेवटी मी करंगळी वर केली,
अंगठ्याने तिचं वरचं पेर दाबून दाखवलं.
एवढं. गेलं तरी चालेल, एवढं.

मग शब्दाचं मूळ गावही सांगितलं,
डी.एड.ला असताना शिकले होते ते.
तीन वाटा भेटतात ती जागा.
पुस्तकात तिठा, आमच्याकडे टी-पॉइंट:
तो बघ, पानठेल्याजवळ,
एक फाटा वणीला, एक हिंगणघाटला,
एक नदीकडे, जिकडे सगळे एकदाच जातात.
तिथं उभं राहून माणसं जे बोलतात ते ट्रिव्हियल.
कोणाची म्हैस आटली,
कोणाच्या घरी चंद्रपूरचे पाहुणे पोरगी पाहून गेले,
लाइन आज किती वाजता येणार.

लिऊने मान हलवली. आमच्याकडे, म्हणाला,
जीमाओ स्वानपी.
फोनने त्याचं भाषांतर केलं:
कोंबडीची पिसं, लसणाची सालं.
दाराशी कवडी रुई निवडत बसलेली सायत्रा मडावी
खो खो हसली,
हे त माया उकिरड्यावरचं होय, मॅडम!
तेव्हा मला वाटलं, शब्द पोचला.

पौषात, मंगळवारी, दुपारपाळीत
चार नंबरच्या रेच्याने सायत्राची करंगळी ओढली.
रुई थोडा वेळ लाल पडत राहिली,
मग कोणीतरी बटण दाबलं.

संध्याकाळी लिऊ कागद घेऊन आला,
स्पेलिंग तपासायला.
यंत्र: व्यवस्थित.
काम थांबलं: अकरा मिनिटं.
इजा: ट्रिव्हियल.
स्पेलिंग बरोबर होतं. वापरही बरोबर होता.
सहामाहीच्या पेपरात मी पूर्ण गुण दिले असते.
लाल पेन हातात धरून मी बसून राहिले
आणि त्याला विचारू शकले नाही
हा शब्द तुला कोणी शिकवला.

म्हणून त्याला सायत्राकडे नेलं.
ती चुलीपुढे, पट्टीचा हात पदराखाली.
दुखतं का, मी विचारलं.
काई नाई बाप्पा, एवढुसंच त गेलं,
आन् तिनं दुसऱ्या हाताची करंगळी वर करून
अंगठ्याने पेर दाबून दाखवलं,
अगदी माझ्यासारखं.

लिऊने ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
खिशातून कागद काढला, शब्द खोडला,
आणि त्या जागी काय लिहायचं म्हणून थांबला.
मी मराठीत शोधलं, इंग्रजीत शोधलं.
तो बहुधा त्याच्या भाषेत शोधत होता.
रकाना तसाच राहिला.

सायत्राच्या पुढ्यात लसणाचा गड्डा होता,
एका हाताने सोलला जात नव्हता.
लिऊ मांडी घालून बसला
आणि एकेक पाकळी सोलू लागला, हळू, नखाने.
सालं त्याने खाली टाकली नाहीत.
ओंजळ भरली तशी वर बघून
मला इंग्रजीत विचारलं,
ही कुठे ठेवू?